🌵 *टिश्यू कल्चरचं कॅक्टस : बाटली घेण्याआधी हे वाचा*



शेडनेटमध्ये शोभेचं कॅक्टस करावं, असं काही सभासदांच्या मनात आहे. "लॅबची रोपं घेऊ का?" हा प्रश्न त्यातूनच येतो. थोडक्यात उत्तर असं : *ज्या जातीला पिल्लं फुटत नाहीत तिचीच घ्या, आणि मुळशीच्या पावसाळ्यात बाटली उघडू नका.*

*लॅबमध्ये काय होतं?*
कॅक्टसचे काटे ज्या ठिपक्यातून निघतात, तिथे एक झोपलेला डोळा असतो, उसाच्या कांडीवर असतो तसा. तो तुकडा निर्जंतुक करून साखर, क्षार आणि अगर यांच्या खाद्यावर बाटलीत ठेवतात. खाद्यात लिटरला साधारण १ ते २ मिलिग्रॅम संजीवक असतं. २५ अंशांच्या आसपास तापमान आणि रोज १६ तास उजेड मिळाला की डोळा जागा होतो, एकाचे अनेक फुटवे येतात. जी-नाईन केळीची रोपं याच तंत्राने होतात. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी तर १९९० साली बांबूला बाटलीतच फुलं आणून दाखवली.

*कोणती जात घ्यायची?*
✅ एकटाच गोळा वाढणारी, पिल्लं न देणारी, बियांपासून फार हळू वाढणारी जात.
❌ मॅमिलेरिया, एकिनॉप्सिसचे पुष्कळ प्रकार बुडाशी आपोआप पिल्लं देतात. पिल्लू काढा, जखम ४-५ दिवस सावलीत सुकवा, लावा. यासाठी लॅबला पैसे कशाला?
❌ पट्टेरी, दुरंगी जाती. त्यांत हिरव्या आणि बिनहिरव्या पेशी मिसळलेल्या असतात. लॅबच्या रोपात तोच पट्टा येईलच याची खात्री नाही.
❌ लाल-पिवळ्या डोक्याचा मून कॅक्टस. त्यात हरितद्रव्य नाही, स्वतःचं अन्न तो करू शकत नाही. त्याला ड्रॅगन फ्रूटच्या खुंटावर कलम करूनच जगवतात. ज्यांच्या बांधावर ड्रॅगन फ्रूट आहे, त्यांच्याकडे खुंट तयारच आहे.

*रोपं मरतात कुठे?*
लॅबमध्ये नाही, आपल्या शेडमध्ये. बाटलीतली हवा दमट असते, त्यामुळे रोपाची साल पातळ राहते आणि मुळं नाजूक असतात. त्याला हळूहळू कोरड्या हवेची सवय लावावी लागते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे, त्यातही ताम्हिणीच्या बाजूला, हवा कोरडी होतच नाही. मग बुरशी लागते आणि रोपाचा लगदा होतो. म्हणून दसऱ्यानंतर पाऊस पूर्ण उघडला की रोपं आणा. नाही जमलं तर थंडी सरल्यावर, फेब्रुवारीत.

*हार्डनिंग असं करा*
1️⃣ मुळांवरचं अगर कोमट पाण्याने पूर्ण धुवा. त्यात साखर असते, थोडं राहिलं तरी बुरशी येते.
2️⃣ एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या.
3️⃣ जाड वाळू किंवा परलाइट जास्त, कोकोपीट कमी, असं मिश्रण वाफवून घ्या. शेणखत नको.
4️⃣ ट्रेवर पारदर्शक झाकण ठेवा. पहिला आठवडा बंद, मग रोज थोडं जास्त वेळ उघडं. ३-४ आठवड्यांत झाकण काढा.
5️⃣ शेडनेट हवंच, थेट ऊन नको. माती वरून सुकल्यावरच पाणी.

*घेताना पाहा*
बाटली उजेडासमोर धरा. रोप काचेसारखं पारदर्शक, पाण्याने फुगलेलं दिसलं तर घेऊ नका, ते बाहेर टिकत नाही. घट्ट, हिरवं, काटे आलेलं रोप चांगलं. जमल्यास हार्डनिंग झालेलंच रोप घ्या, महाग पडलं तरी.

*हिशोब*
रोप २० रुपयांचं धरा. १०० रोपांचे २,००० झाले. ४० मेली तर उरलेलं प्रत्येक रोप ३३ रुपयांना पडलं. कुंडी, मिश्रण, मजुरी वेगळी. म्हणून पहिल्या वर्षी ५०-१०० रोपांवरच हात बसवा. "आम्हीच परत विकत घेऊ" असं कोणी म्हणालं, तर दर, आकार आणि मुदत लेखी घेतल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका.

बाटलीतल्या रोपाबद्दल शंका असेल तर उघडण्याआधी फोटो ग्रुपवर टाका. उघडल्यावर उपाय थोडेच उरतात.

🌾 आपली शेतकरी उत्पादक कंपनी, मुळशी