गाठ मागें कां सरकत नाहीं ?

पदार्थविज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपासतांना एक मौजेची चूक आमच्या नजरेस वारंवार पडते. ती एखाद्याच मुलाची असती तर आम्हीं तिकडे दुर्लक्ष केलें असतें. परंतु सूत्रें चोख पाठ असलेले विद्यार्थीच तींत अधिक सांपडतात. खरें सांगावयाचें तर, शाळेंत असतांना आम्हींहि तीच चूक करून गुरुजींचा लाल शेरा पदरांत पाडून घेतला होता. म्हणून यंदा तिचाच विचार करावा असें योजिलें आहे.

अचलपूरच्या मुलांस उदाहरणासाठीं दूर जावयास नको. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. जिनांत सरकी निराळी केल्यावर रुई दाबून तिची गाठ बांधतात, व अशा गाठीचें वजन आज सामान्यतः १७० किलोग्रॅम धरतात. समजा, अशी एक गाठ फरशीवर ठेविली आहे. गाठ व फरशी यांमधील स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.५ आणि गतिक घर्षणाचा ०.४ धरूं (हे आंकडे आम्हीं उदाहरणापुरते घेतले आहेत), व गुरुत्वत्वरण सोयीसाठीं १० मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद घेऊं. एक हमाल गाठीस ३०० न्यूटन बलानें आडवें ढकलतो. तर गाठीवर घर्षण किती ?

घाईचा विद्यार्थी लिहितो: वजन १७०० न्यूटन, त्याची निमपट ८५०, म्हणून घर्षण ८५० न्यूटन. मग तो ३०० मधून ८५० वजा करतो, उणें ५५० मिळवितो, त्यास १७० नें भागतो, आणि त्वरण उणें ३.२ असें लिहून खालीं दोन रेघा ओढतो. या उत्तराचा अर्थ काय झाला बरें ? हमालानें पुढें ढकलतांच गाठ उलट त्याच्याच अंगावर चालून आली ! असें जिनांत घडूं लागलें तर दुसऱ्या दिवशीं एकहि हमाल कामावर यावयाचा नाहीं.

चूक गणितांत नाहीं, समजुतींत आहे. ८५० न्यूटन ही घर्षणाची कमाल मर्यादा झाली. प्रत्येक वेळीं तें तेवढें असतेंच असें नव्हे. स्थिर वस्तूवर घर्षण जेवढ्यास तेवढें असतें. हमाल ३०० न्यूटननें ढकलतो तेव्हां तें ३०० न्यूटन. दुसरा हमाल त्यास येऊन मिळाला व बल ६०० झालें, कीं घर्षणहि ६०० होतें. आणि कोणीच हात लावला नाहीं, तर शून्य. तिसऱ्यानें हात लावून ९०० न्यूटन झाले म्हणजे मात्र मर्यादा ओलांडली जाते व गाठ सरकूं लागते. सरकूं लागल्यावर गतिक घर्षण ६८० न्यूटन एवढेंच उरतें. बाकी २२० न्यूटन, त्यांस १७० नें भागिलें, म्हणजे त्वरण सुमारें १.३, दोन सेकंदांनीं गाठीचा वेग सेकंदास सुमारें २.६ मीटर होईल. त्याच क्षणीं तिघांनीं हात काढून घेतले तर ? आतां ६८० न्यूटनांचें घर्षण एकटेंच उरलें. त्यामुळें वेग दर सेकंदास ४ मीटरनें घटूं लागतो, व गाठ आणखी ८०-८५ सेंटिमीटर जाऊन थांबते. ती थांबली कीं घर्षणहि संपलें. तें तिला मागें ओढीत बसत नाहीं.

घर्षण दाबाच्या प्रमाणांत असतें, टेकलेल्या पृष्ठाच्या लहानमोठेपणावर अवलंबून नसतें, हें फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँ यांनीं १६९९ सालीं मांडलें. गाठ आडवी टाका वा उभी करा, हमालांस श्रम तेवढेच. गुणांक कसा काढावा, असें कोणी विचारील, तर त्यास प्रयोगशाळा नको. घरीं एका लांब फळीवर वीट ठेवावी व फळीचें एक टोंक हळूहळू उचलावें. वीट निसटूं लागतांच त्या टोंकाची उंची मोजून तिला फळीखालील जमिनीवरच्या अंतरानें भागावें. येणारा भागाकार हाच स्थितिक घर्षणाचा गुणांक. वडील मंडळींनीं जवळ उभें राहावें, पण पाय जपून !

दुसरी समजूत याहून चिवट आहे. घर्षण नेहमीं गतीच्या विरुद्धच असतें, असें मुलें म्हणतात. मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद लोहमार्गावरील 'शकुंतला' गाडी पालकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. मँचेस्टर येथें १९२१ सालीं तयार झालेलें वाफेचें इंजिन या गाडीस १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढीत होतें. वाफेनें इंजिनाचें चाक फिरे, हें खरें. परंतु गाडीस पुढें लोटणारें बल रुळांकडून येई. चाकाचा रुळास टेकलेला भाग मागें निसटूं पाहतो, घर्षण त्या निसटण्यास विरोध करतें, व म्हणून इंजिनावरील त्याची दिशा पुढें असते. रूळ ओले झाले कीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात; यासाठींच इंजिनांतून रुळांवर वाळू सोडण्याची सोय केलेली असते. बैलाचेंहि तेंच. तो खुरांनीं जमीन मागें रेटतो, जमीन त्याला पुढें रेटते. चिखलांत हें रेटणें साधत नाहीं, म्हणून त्याचे पाय घसरतात. शेतकरी बंडीच्या आंसास वंगण घालतो, पण बैलाच्या खुरांस कधीं घालीत नाहीं ! कोठें घर्षण हवें व कोठें नको, हें त्याला पुस्तकावांचून ठाऊक असतें.

तेव्हां उदाहरण हातीं येतांच गुणाकारास धांवूं नये. कोणत्या वस्तूचा विचार चालला आहे तें ठरवावें, तिच्यावरील सर्व बलें बाणांनीं दाखवावीं, आणि घर्षण नसतें तर ती वस्तु कोणीकडे घसरली असती असें स्वतःस विचारावें. घर्षणाचा बाण त्याच्या उलट दिशेस काढावा.

सुटींत सोडविण्यासाठीं एक प्रश्न देतों. तीच गाठ दोरानें न बांधतां बंडीवर ठेविली आहे. गाठ व बंडीच्या फळ्या यांमधील स्थितिक गुणांक ०.५ च आहे. बैलांनीं एकदम ओढ घेतली व बंडी पुढें निघाली. गाठीवरील घर्षण कोणत्या दिशेस असेल ? आणि बंडीचें त्वरण कितीहून अधिक झालें असतां गाठ फळ्यांवर मागें घसरेल ? दिशा आधीं लिहावी, आंकडा मागाहून.