घर झाडूनही बुरशी कशी?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाची रक्ताच्या कर्करोगासाठी केमो चालू आहे. आता फुप्फुसात बुरशी निघाली. घर तर मी रोज झाडते. माझंच काही चुकलं का? धाकटीला लागण होईल का?
— एक आई, चाकण

उत्तर : ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. खोदकामाच्या धुळीत, कुंडीच्या मातीत जास्त. आपण सगळेच ते श्वासातून घेतो, पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. केमोमुळे न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) बरेच दिवस ५०० च्या खाली राहिले, की बुरशीला वाव मिळतो. ती एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. धाकटीला सर्दी-ताप नसेल, तर खुशाल दादाजवळ बसू द्या.

या बुरशीवर चांगली औषधं आहेत, पण ती अनेक आठवडे घ्यावी लागतात. त्यातलं व्होरिकोनाझोल चालू असताना केमोतलं व्हिन्क्रिस्टीन दिलं, तर नसांना इजा होऊ शकते. म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी प्रत्येक डॉक्टरांना दाखवा; मनाने एकही बंद करू नका.

झाडू नको, ओलं फडकं फिरवा, तेही तो खोलीत नसताना. ताप १००.४ फॅरनहाइट झाला किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात निघा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका.