गुळाच्या खड्यावरचा आळ

परवा शाळेच्या फाटकात एका आजींनी मला थांबवलं. नातवाचा दंड घट्ट धरलेला. "बाई, ह्येला कुणी गूळ-चिक्की दिली तर काढून घ्या. लई गोड खातंय, पोटात जंत झाल्यात." नातवाच्या एका हातात उसाचं कांडं, पाय अनवाणी आणि नखांत काळ्या रानाची माती. आजी कांड्याकडं बघत होत्या, मी नखांकडं.

तुमच्याही घरात हे बोललं जात असेल. आपल्या कडेगाव तालुक्यात ताकारी-टेंभूचं पाणी आलं, तसा ऊस वाढला. वांगीचा सोनहिरा कारखाना सुरू झाला की ट्रॉलीतून ऊस ओढणं हा पोरांना आपला हक्कच वाटतो. मोहरमात चोंगे, संक्रांतीला तिळगूळ. गोडानं जंत होत असते, तर आपल्याकडचं एक पोर सुटलं नसतं.

जंत होतात ते अंड्यातून. पोटातल्या गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. उघड्यावर बसलं की ती मातीत मिसळतात, दोन-चार आठवड्यांत मुरतात आणि मळक्या हातांवरून, न धुतलेल्या मुळा-कोथिंबिरीवरून दुसऱ्या कुणाच्या तोंडात जातात. अंकुशकृमीला तर तोंडही लागत नाही. त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते, आणि मोठा झालेला जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. पोर पांढरंफटक पडतं, पळताना धापा टाकतं, आणि आपण म्हणतो, गोड कमी कर.

आजी खोटं बोलत नाहीत. फडात बसून, मातीच्या हातांनी, दातानं सोलून ऊस खाणाऱ्या पोराला जंत झालेले त्यांनी पाहिलेही असतील. चोरी झाली हे खरं, धरला मात्र भलताच. (साखर अगदीच साधी नव्हे हो. दात किडवण्याचा गुन्हा तिच्या नावावर पक्का आहे.) गालावरच्या पांढुरक्या चट्ट्यांचंही तेच. 'जंत झालेत' म्हणून सगळे सांगतात, पण बहुतेकदा ती कोरड्या पडलेल्या कातडीची तक्रार असते. चट्टा वाढत गेला किंवा बधिर वाटला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

10 फेब्रुवारीला शाळेत जंताची गोळी देतो, तेव्हा हमखास एखादी चिठ्ठी येते: 'आमचा मुलगा गोड खात नाही, त्याला गोळी देऊ नये.' मला हसू येतं आणि वाईटही वाटतं. गोळी अल्बेंडाझोलची, 400 मिलिग्रॅमची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अंगणवाडीत अर्धी, चुरून. पोर त्या दिवशी आजारी असेल तर तसं कळवा, आपण पुढं ढकलू. पण गोड न खाणं हे काही कारण नव्हे.

आता उलटी बाजू, जिथं साखरच जीव वाचवते. सहा-सात महिन्यांच्या बाळाला जुलाब लागले की 'दाताचे आहेत, होतील बंद' म्हणून आपण गप्प बसतो. दात जुलाब लावत नाहीत. त्याच वयात बाळ रांगायला लागतं, हाताला येईल ते तोंडात घालतं, वरचं खाणंही तेव्हाच सुरू होतं. त्यात कुणीतरी सांगतं, पाणी पाजू नका, जास्त होतील. इथं मात्र माझा आवाज चढतो! बाळ दगावतं ते अंगातलं पाणी गेल्यानं. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. जुलाबाच्या रुग्णांत शेकडा तीसच्या आसपास माणसं मरत होती, ती चारच्या आत आली. साखर सोबत असली की आतडं मीठ ओढून घेतं आणि मिठामागून पाणी. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडं ओआरएसची पुडी मिळते. ती हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्या. घोट घोट पाजा, अंगावरचं दूध चालूच ठेवा. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर लगेच दवाखाना गाठा.

आणि एकच गोड खरोखर टाळा: तान्ह्या बाळाला सोन्याच्या अंगठीनं चाटवतात तो मध. त्यात अशा जंतूचे बीजाणू असू शकतात, की वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजले तर हातपाय लुळे पडतात, श्वासही अडतो. बाळाला पहिली चव आईच्या चिकाच्या दुधाची द्या. त्यावरून सासूबाईंशी वाद घालू नका. मधाची बाटली त्यांच्याच हातात द्या, फडताळात जपून ठेवायला सांगा, आणि पहिला वाढदिवस झाला की त्यांच्याच बोटानं चाटवा.