बांधणारा आणि राखणारा

(संगणकाच्या क्षेत्रात काम करावे असे पुष्कळ मुला-मुलींना वाटते; पण त्या क्षेत्रात नेमकी कोणती कामे असतात, हे थोड्यांनाच माहीत असते. त्यांतील दोन कामांची ओळख या पाठात करून दिली आहे.)



दहावीची परीक्षा जवळ आली, की घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, ''पुढे काय करणार?'' वसई, नालासोपारा, विरारच्या कितीतरी घरांतून उत्तर मिळते, ''कॉम्प्युटर!'' उत्तर चांगले आहे, पण अपुरे आहे. कोणी 'रेल्वेत जाणार' म्हणाला, तर आपण विचारतो, ''गाडी चालवणार, तिकिटे देणार, की रूळ दुरुस्त करणार?'' संगणकाबाबतही असेच विचारायला हवे.

सकाळी विरार स्थानकावर जा. खिडकीतील कारकून कळा दाबतो आणि क्षणात तिकीट बाहेर येते. कोठून कोठे जायचे, माणसे किती, भाडे किती, हा हिशेब यंत्राने केला. तो यंत्राला कोणीतरी शिकवलेला असतो. पायरीपायरीने सूचना लिहून संगणकाला काम शिकवणे म्हणजे प्रोग्रॅम तयार करणे. असे प्रोग्रॅम म्हणजेच सॉफ्टवेअर. ते बांधणारा तो सॉफ्टवेअर डेव्हलपर. रेल्वेसाठी अशी कामे करणारी 'क्रिस' ही संस्था १९८६ साली स्थापन झाली.

पण समजा, कारकून म्हणाला, ''लिंक नाही,'' तर? पाहता पाहता रांग जिन्यापर्यंत पोहोचते. अशी वेळ येऊ नये म्हणून संगणकांवर सतत लक्ष ठेवणारा माणूस म्हणजे सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर. एक बांधणारा, दुसरा राखणारा. एकावाचून दुसऱ्याचे काम चालत नाही.

डेव्हलपरचे काम केवळ टंकलेखनाचे नाही. वसईची फुले दादरच्या बाजारात जातात. तेथील व्यापाऱ्यासाठी हिशेबाचा प्रोग्रॅम करायचा आहे, असे समजा. मोगरा वजनाने विकतात आणि सोनचाफा नगाने मोजतात. हे न विचारता प्रोग्रॅम लिहिला, तर हिशेब पहिल्याच दिवशी चुकेल. म्हणून चांगला डेव्हलपर आधी ऐकतो, मग लिहितो. लिहिल्यावर चुका शोधतो. या शोधातच त्याचा पुष्कळ वेळ जातो.

ॲडमिनिस्ट्रेटरचे काम सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. कोणाला कोणती माहिती पाहता यावी हे ठरवणे, पासवर्डची व्यवस्था राखणे, महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, घेणे ही त्याची कामे. पश्चिम रेल्वे रूळांची कामे रात्री किंवा रविवारी 'ब्लॉक' घेऊन करते. तसाच हाही पुष्कळदा लोक झोपल्यावर काम करतो. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपाऱ्यात पुराचे पाणी शिरले. लोकल बंद पडल्या, अनेक वस्त्यांतील वीज गेली. अशा दिवशी तळमजल्यावरचा संगणक भिजला आणि बॅकअपही त्याच खोलीत असला, तर दोन्ही गेले! म्हणून जाणता माणूस एक प्रत दूरच्या ठिकाणी ठेवतो आणि ती उघडते की नाही, हेही अधूनमधून पडताळतो.

आता स्वतःला विचारा. गणिताचे अवघड उदाहरण सुटेपर्यंत तुम्हांला चैन पडत नाही का? मग बांधण्याचे काम तुम्हांला आवडेल. घरातला पंखा बंद पडला, तर न घाबरता एकेक कारण तपासता का? मग राखण्याचे काम तुम्हांला जमेल. मित्राने निवडले म्हणून तुम्ही निवडू नका. मुलींनीही हे काम आपले नाही असे मानू नये. दोन्ही कामे चिकाटीची आहेत, ताकदीची नाहीत.

दहावीनंतर आय.टी.आय.चा एक वर्षाचा संगणक अभ्यासक्रम किंवा तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेता येते. पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळू शकतो. बारावीनंतर पदवीचे मार्ग आहेत. वसईत विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ पासून आहे. मात्र 'हमखास नोकरी' अशी पाटी पाहून घरची पुंजी कोठेही भरू नका. आधी प्रमाणपत्र कोण देते ते विचारा, तिथे शिकलेल्यांना भेटा, मगच फी भरा.

आज संगणक स्वतःही प्रोग्रॅम लिहू लागला आहे. मग आपण कशाला शिकायचे? त्याने लिहिलेले बरोबर की चूक, हे ज्याला कळते तोच ते वापरू शकतो, म्हणून.

''आम्ही उर्दू माध्यमाचे. आम्हांला हे जमेल का?'' असे मनात येत असेल. इंग्रजी वाचायला शिकावेच लागेल; रोज एक पान वाचा. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रोग्रॅममागच्या पायऱ्यांना 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये राहणाऱ्या अल्-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला. त्याने भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिला. तुमच्या वर्गातला 'अल्जबरा' हा शब्दही त्याच्याच एका ग्रंथाच्या नावातून आला आहे. तेव्हा ही विद्या तुम्हांला परकी नाही. पुढच्या वेळी पाहुण्यांनी विचारले, तर नुसते ''कॉम्प्युटर'' म्हणू नका. बांधणार की राखणार, तेही सांगा.

शब्दार्थ
नग – एकेक वस्तू
पडताळणे – तपासून पाहणे
चिकाटी – काम पूर्ण होईपर्यंत न सोडणे
तंत्रनिकेतन – पॉलिटेक्निक
पदविका – डिप्लोमा
पुंजी – साठवलेला पैसा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बॅकअप म्हणजे काय?
(आ) 'अल्गोरिदम' हा शब्द कोणाच्या नावावरून आला?
२. कारणे द्या.
(अ) डेव्हलपर आधी ऐकतो, मग लिहितो.
(आ) बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवावा.
३. तुम्हांला बांधणारा व्हावेसे वाटते की राखणारा? का? पाच-सहा वाक्यांत लिहा.