बाजेचे चार कोपरे : स्वमग्न मुलांच्या साहाय्याविषयी मंडळ्यांकरिता पाठ

शास्त्रपाठ : मार्क २:१-१२ व योहान ९:१-७. तोंडपाठ करावयाचे वचन : गलतीकरांस पत्र ६:२.

पक्षघाती मनुष्याची गोष्ट आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मुलांसही ठाऊक आहे. तथापि ती शिकविताना आपण बहुधा छप्पर उसकटण्याच्या भागाकडे त्वरेने जातो, आणि बाज वाहून आणणाऱ्या चौघांविषयी फारसे बोलत नाही. घरात सामर्थ्य होते, दया होती. पण दार गर्दीने अडले होते, आणि ज्यास साहाय्य हवे होते त्यास पाय उचलत नव्हते. चौघांनी चार कोपरे धरिले म्हणून तो आत पोहोचला. प्रभूने त्या चौघांचाही विश्वास पाहिला, हे विसरू नये.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आज असेच काहीसे घडत आहे. स्वमग्न मुलांकरिता कायदे झाले आहेत, तपासणीची सोय आहे, शाळेचा हक्क आहे. परंतु झरी-जामणी किंवा उमरखेडच्या टोकास असलेल्या गावातून, कापसाच्या वेचणीची मजुरी बुडवून, न बोलणाऱ्या मुलास कडेवर घेऊन एकट्या आईने तेथवर कसे जावे? यास्तव या पाठात त्या बाजेचा कोणता कोपरा कोणी धरावा, याचा विचार करू.

स्वमग्नता म्हणजे काय

इंग्रजीत ज्यास ऑटिझम म्हणतात त्यास मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. हा ताप किंवा खोकला यांसारखा रोग नव्हे, वेडही नव्हे. मुलाच्या मेंदूची वाढच निराळ्या रीतीने होते, आणि त्यामुळे बोलणे, दुसऱ्याचे मन ओळखणे व लोकांत मिसळणे त्यास कठीण जाते. वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर मूल वळत नाही. दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही. नजरेस नजर देत नाही. आलेले दोनचार शब्दही पुन्हा नाहीसे होतात. तेच ते चाक फिरवीत बसणे, वस्तूंची ओळ लावणे, हात फडफडविणे, नेहमीची वाट बदलली की आकांत करणे, झांजेचा वा भोंग्याचा आवाज ऐकून कान झाकणे, अशीही लक्षणे दिसतात. यांपैकी एखादे लक्षण दिसले म्हणजे मूल स्वमग्नच आहे असे ठरवू नये. परंतु अनेक एकत्र दिसली तर तपासणी लांबवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. तेव्हा ज्या पाळकाकडे पाचसात गावे आहेत, त्याच्या फेरीच्या वाटेवर असे मूल असणारच.

दोष कोणाचा?

जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी विचारिले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? हा प्रश्न केवळ अज्ञ लोकच विचारतात असे नाही. डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांचे वर्णन करून या स्थितीकडे वैद्यांचे लक्ष वेधिले. त्यानंतर अनेक वर्षे मोठमोठे विद्वान असे सांगत राहिले की आईच्या मायेत ऊब नाही म्हणून मूल असे होते. किती मातांनी हा आरोप मुकाट्याने सोसला असेल! बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाचा स्वतःचा पुत्र स्वमग्न होता. त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून या मताचे खंडन केले. पुढे १९७७ साली जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून आनुवंशिकतेचा भाग दिसून आला. लसीमुळे स्वमग्नता येते असा लेख १९९८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापला होता; तो खोटा ठरून २०१० साली मागे घेण्यात आला. सबब लस टाळू नये, आणि आईस दोष देऊ नये. आपल्या प्रभूने तर तो दोष शिष्यांच्या प्रश्नातच थांबविला होता.

कोणी मार्काच्या नवव्या अध्यायाकडे बोट दाखवून म्हणेल की हे भुताचेच काम आहे. त्याने तो अध्याय पुन्हा वाचावा. प्रभूने त्या मुलास मारिले नाही, दोरीने बांधिले नाही, धुरीही दिली नाही. त्याने प्रथम बापास विचारिले की हे केव्हापासून होत आहे, आणि शेवटी मुलाचा हात धरून त्यास उठविले. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत काढण्याच्या निमित्ताने बांधणे व मारणे हा गुन्हा ठरविला आहे. मांत्रिकाच्या हातचा मार वाईट आणि प्रार्थनासभेच्या नावाने झालेला मार चांगला, असा भेद कायदा करीत नाही. देवही करणार नाही. प्रार्थना अवश्य करावी. परंतु प्रार्थना झाली म्हणून फेफऱ्याचे औषध बंद करावे, असे सांगणाऱ्यास व्यासपीठ देऊ नये.

पहिला कोपरा : तपासणी

हा कोपरा बायबल बाईने व उपदेशकाने धरावा, कारण घरोघरी त्यांचेच जाणे असते. आईबापांशी एकांतात, मायेने बोलावे; चारचौघांत मुलास नाव ठेवू नये. मग त्यांस अंगणवाडी सेविकेकडे किंवा आशाताईंकडे न्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येऊन जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते, आणि वाढीत उणीव दिसल्यास पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविते. पथक कोणत्या दिवशी येणार हे विचारून ठेवावे व त्या दिवशी मुलास हजर करावे. पथक यावयास अवकाश असेल तर वाट पाहत बसू नये. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग व मानसोपचार या विभागांकडे जावे. प्रथम कानांची तपासणी मागावी, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेस वळत नाही. अधिक सल्ला हवा असल्यास नागपुरात एम्स रुग्णालय आहे, आणि दिव्यांगांकरिता केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्रही आहे.

दुसरा कोपरा : प्रमाणपत्र

हा कोपरा मंडळीतील लिहितावाचता येणाऱ्या तरुणाने धरावा. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत त्यास स्पष्ट स्थान मिळाले. आता प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र यांकरिता अर्ज संगणकावरून करावयाचा असतो. आधार कार्ड, छायाचित्र व राहण्याचा पुरावा जवळ ठेवावा. मग ठरल्या दिवशी रुग्णालयात तज्ज्ञ मुलास पाहतात. स्वमग्नता मोजण्याकरिता भारतातच सिद्ध झालेली ४० मुद्द्यांची मोजपट्टी आहे. तिच्या आधारे टक्केवारी लिहितात. बहुतेक सवलती ४० टक्के व त्यावरील प्रमाणास लागू होतात. कागदावर मुदत लिहिली असेल तर ती संपण्यापूर्वी पुन्हा जावे.

हा कागद हाती आला म्हणजे बरीच दारे उघडतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विमा योजनेत वर्षास एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो, आणि त्यात वाचा-उपचारासारखे उपचारही येतात. मात्र तिचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. गरीब कुटुंबाने संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी तहसील कचेरीत करावी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांकरिता खर्चावी असा नियम आहे; ती कशी खर्च झाली हे ग्रामसभेत नम्रपणे परंतु उभे राहून विचारावे.

तिसरा कोपरा : शाळा

हा कोपरा मंडळीतील शिक्षकाने धरावा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे ४० टक्के वा अधिक दिव्यांगता असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत, किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. "हा बसत नाही, घेऊन जा" असे कोणी म्हटल्यास भांडू नये व परतही फिरू नये. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांस लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. समग्र शिक्षा योजनेखाली विशेष शिक्षक असतात. मुलास शाळेत जाणे अशक्यच असेल तर घरी शिकविण्याचीही तरतूद आहे.

या कामी आपल्या पूर्वजांचा कित्ता आपल्यापुढे आहे. १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या कुमारी मिलर्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढिली. अंध मूल शिकू शकते यावर त्या काळी किती जणांचा विश्वास होता? आज स्वमग्न मुलाविषयी आपण तेच अविश्वासाचे शब्द बोलत असू, तर त्यांची आठवण करावी.

चौथा कोपरा : घर

हा कोपरा सर्वांत जड आहे, आणि तो शेजारणींनी धरावा. स्वमग्नता बरी करणारी गोळी नाही. असे औषध विकणाऱ्यास पैसे देऊ नयेत. परंतु लवकर शिकविण्यास आरंभ केला तर मुलाची पुष्कळ प्रगती होऊ शकते, आणि त्याचे मुख्य शिक्षक आईबापच होत. उपचार करणाऱ्याने शिकविलेली रीत रोज घरी करावी. वाक्ये लहान असावीत, दिवसाचा क्रम ठरलेला असावा, आणि बोलता न येणाऱ्यास चित्र दाखवून मागण्यास शिकवावे.

आमच्या पाहण्यातील एका कुटुंबाने मुलाच्या तिसऱ्या वर्षापासून पाचव्यापर्यंतचा काळ आणि एका शेळीची किंमत अंगारेधुपाऱ्यांत घालविली. वेचणीच्या दिवसांत आई त्यास घरच्या खांबास बांधून जात असे. दुष्टपणाने नव्हे, विहिरीच्या भयाने. पुढे दोघी शेजारणींनी पाळीने त्यास सांभाळण्याचे पत्करिले, तेव्हा कोठे तिला यवतमाळच्या फेऱ्या करता आल्या. मुलगा अद्याप बोलत नाही. परंतु तहान लागली की माठाच्या चित्रावर बोट ठेवितो, आणि ती दोरी आता पुन्हा शेळीच्याच कामी येते.

अशा मातापित्यांस रात्री एकच प्रश्न छळतो : आमच्या मागे याचे कोण? त्याचेही उत्तर थोडेबहुत कायद्यात आहे. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची एक समिती असते व तीत जिल्हाधिकारी असतात; मूल १८ वर्षांचे झाल्यावर ही समिती पालक नेमून देऊ शकते. मन फारच खचले तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ही सेवा २०२२ साली सुरू झाली. तेथे बोलणे म्हणजे विश्वासाची उणीव नव्हे.

आपले स्वतःचे छप्पर

शेवटी एक गोष्ट विचारात घ्यावी. त्या दिवशी दार अडविणारे लोक शत्रू नव्हते, वचन ऐकण्यास आलेले श्रोते होते. उपासनेत मूल ओरडले की माना वळतात, आणि पुढच्या रविवारपासून ती आई येत नाही. तेव्हा दाराजवळची जागा तिच्याकरिता राखून ठेवावी. मुलास उठून बाहेर जाता यावे, परत येता यावे. झांज व भोंगा थोडा हळू करावा. कोणी कपाळास आठी घालू नये. ज्या घराचे मालक छपरास पडलेले भोक सोसू शकले, त्यांच्याइतके तरी आपण सोसावे.

उपदेशकांनी वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. पक्षघाती मनुष्य स्वतः का येऊ शकला नाही? आपल्या गावात असे कोणते मूल आहे?

२. योहान ९ मध्ये प्रभूने आईबापांच्या दोषाविषयी काय शिकविले?

३. आपल्या अंगणवाडीत वैद्यकीय पथक केव्हा येणार? पुढील सभेपूर्वी कोण विचारून येईल?

४. चार कोपरे धरणाऱ्या चौघांची नावे आज लिहून काढा. नावे चार भरली नाहीत, तर सभा संपवू नका.

या आठवड्याच्या प्रार्थनेत अशा मुलांच्या मातांची आठवण करावी, आणि प्रार्थना आटोपल्यावर त्यांच्यापैकी एकीच्या घरी जावे.