घट्ट तेल आणि द्रावकाचा हिशेब

कापडावरचा ग्रीसचा डाग पाण्याने जात नाही, पेट्रोलमध्ये विरघळतो. विदर्भातील कारखाने सोयाबीनचे तेल असेच हेक्झेनमध्ये विरघळवून काढतात. नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था म्हणून १९४२ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता विद्यापीठ झालेल्या संस्थेत हे तेलशास्त्र शिकवतात. जमिनीखालच्या घट्ट खनिज तेलालाही तोच नियम लागू आहे. गुजरातेत मेहसाण्याला असे तेल आहे.

प्रयोगशाळेत नळीत वाळू ठासून ती घट्ट तेलाने भिजवतात आणि प्रोपेन किंवा ब्युटेन सोडतात. तेल पातळ होऊन वाहते. मग दोन मापे घेतात: तेल किती निघाले आणि द्रावक किती परत आले. कारखान्यात हेक्झेन वाफवून, थंड करून पुन्हा वापरता येते. जमिनीत मात्र बरेच द्रावक अडकते.

व्यापारी बंधूंनो, उधारीचेही असेच. माल खपला तरी गुंतलेली रक्कम परत आल्याशिवाय नफा मोजू नये.