काकांचे पाच दिवस

भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी दोन वर्षं नोकरी केली. नातेवाइकांना मात्र ‘प्लॅनिंगला आहे’ असं सांगायचो, कारण स्टोअर म्हटलं की लोकांपुढे धूळ, रॅक आणि चलनांचे गठ्ठे येतात. आमच्या इन्चार्जना सगळे काका म्हणायचे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक बेअरिंगचा ते पाच दिवसांचा माल जास्तीचा ठेवायचे. का, असं विचारलं की एकच उत्तर असायचं, ‘गाडी कधी येईल याचा भरवसा नाही रे.’

अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करताना एसओपीत, म्हणजे का शिकायचं आहे ते सांगणाऱ्या निवेदनात, मी लिहिलं, आमच्याकडे साठा अंदाजाने ठरवतात, मला तो गणिताने ठरवायला शिकायचं आहे. ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. आज ते वाचवत नाही.

साल होतं २०२१. मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकून पडलं होतं, चिप मिळत नाहीत म्हणून मोटारींच्या लाइनी थांबत होत्या, आणि ‘सप्लाय चेन’ हा शब्द एकदम घरोघरी पोचला होता. त्याला पुढे ‘ॲनालिटिक्स’ जोडलं की पदवी भारदस्त वाटते. मी नाव पाहून अभ्यासक्रम निवडला. राहतं घर तारण ठेवून वडिलांनी ४० लाखांचं कर्ज काढलं आणि ऑगस्टमध्ये मी टेक्सासला उतरलो.

पहिल्याच सत्रात संभाव्यताशास्त्राने गाठलं. इंजिनिअरिंगला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, मी पास होण्यापुरताच केला होता. तिथे मात्र दर आठवड्याला गृहपाठ, आणि पुढच्या प्रत्येक विषयाचा पाया तोच. सीनिअर सांगायचे, पायथन आणि एसक्यूएल पक्कं कर, नोकरी त्यावर मिळते. मला ते सोयीचं होतं. कोड चालला की काम झाल्यासारखं वाटतं. प्रमाण विचलन म्हणजे नक्की काय मोजलं, हे न कळताही कोड चालतोच. मी दीड वर्ष असंच काढलं.

ते उघडं पडलं शेवटच्या सत्रातल्या प्रकल्पात. हार्डवेअरचा माल पुरवणाऱ्या एका वितरकाची दोन वर्षांची विक्री आम्हा चौघांना दिली होती. पुढची मागणी वर्तवायची आणि साठा किती ठेवायचा ते सांगायचं, एवढंच काम. काही वस्तूंच्या विक्रीत मधूनमधून दोन-तीन आठवडे सलग शून्य होते. मी ते शून्य ‘मागणी नाही’ म्हणून धरले. साहजिकच सरासरी खाली आली आणि त्या वस्तूंचा साठा कमी करा, असा आमचा सल्ला निघाला. तपासणीतही चूक कमी दिसत होती, कारण तपासायला घेतलेल्या महिन्यांतही तसेच शून्य होते. सादरीकरणात त्यांच्या गोदामाच्या मॅनेजर बाई शांतपणे म्हणाल्या, ‘त्या आठवड्यांत माल विकला गेला नाही, कारण माल नव्हताच.’

गिऱ्हाईक येऊन परत गेलं होतं आणि मी त्याला आलंच नाही असं लिहिलं होतं. सर्वांत जास्त खपणाऱ्या वस्तूच आधी संपतात, म्हणून शून्यही त्यांच्याच खात्यात पडले होते. भोसरीत रोज सकाळी शॉर्टेजची यादी मीच हाताने लिहायचो. बिन कार्डावर, म्हणजे रॅकवरच्या साठ्याच्या कार्डावर, शिल्लक शून्य असेल तर त्या दिवशी किती माल दिला गेला या नोंदीला अर्थ नसतो, हे त्या वर्गात इतर कुणाहीपेक्षा मला जास्त ठाऊक असायला हवं होतं. पण स्टोअर मागे टाकायचं म्हणून मी इतका धावत सुटलो होतो की तिथलं ज्ञानही मागेच टाकून आलो.

त्या रात्री मी काकांच्या पाच दिवसांचं गणित केलं. आकडे सोपे करून सांगतो. एका बेअरिंगचा रोजचा खप सरासरी ४०, त्यातला चढउतार म्हणजे प्रमाण विचलन १०, आणि माल यायला ९ दिवस. शंभरातल्या पंचाण्णव खेपांना माल संपू नये अशी अट घातली तर गुणक १.६५ येतो. पुस्तकातलं पहिलं सूत्र गुणक, विचलन आणि दिवसांचं वर्गमूळ यांचा गुणाकार करतं. उत्तर साधारण ५० नग. मी भोसरीत असतो तर हेच ५० काकांपुढे नाचवले असते. पण माल नऊच दिवसांत कुठे येतो? कधी सहा, कधी बारा. ही तीन दिवसांची अनिश्चितता सूत्रात घेतली की वर्गमुळाखाली खपाचे ९०० आणि गाडीच्या उशिराचे १४,४०० येतात. त्या बेरजेच्या वर्गमुळाला गुणकाने गुणलं की उत्तर येतं साधारण २०४.

रोजचे ४० धरले तर पाच दिवसांचे २०० होतात.

काकांकडे सूत्र नव्हतं. त्यांच्याकडे वीस वर्षांची इनवर्ड रजिस्टरं, म्हणजे आलेल्या मालाच्या नोंदवह्या, होत्या, आणि धोका गिऱ्हाइकाच्या चढउतारात कमी, पुरवठादाराच्या गाडीत जास्त आहे, हे त्यांनी त्यातून ओळखलं होतं. पदवीने मला काय दिलं असेल तर ते हे, की काकांचं बरोबर का होतं ते आता मी दाखवू शकतो, आणि उद्या गाडी वेळेवर येऊ लागली तर तो साठा किती कमी करता येईल तेही सांगू शकतो. हे मोठं देणं आहे. पण ते घ्यायला मी स्टोअरची आठवण बरोबर नेलेली असायला हवी होती.

२०२३ च्या मेमध्ये पदवी मिळाली. नंतरच्या ओपीटीच्या, म्हणजे पदवीनंतर अमेरिकेत काम करण्याच्या परवानगीच्या, काळात एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. मी रोज दिवस मोजत होतो. मुलाखतींत पायथनचे प्रकल्प सांगायचो आणि पुढे कुणी बोलवायचं नाही. एकदा मात्र समोरच्याने विचारलं, तुमच्या आकड्यामुळे कोणता निर्णय बदलला? मी ती शून्यांची चूक सांगितली, मग काकांचे पाच दिवस सांगितले. ती नोकरी मिळाली. तेव्हा ६८ वा दिवस होता.

म्हणून, जो कुणी हा विषय घेऊ पाहतो आहे त्याला सांगतो. पदवीच्या नावावर जाऊ नका, विषयांची यादी मागवा. ऑप्टिमायझेशन, संभाव्यता आणि साठ्याची गणितं सक्तीची नसतील, तर ‘ॲनालिटिक्स’ हा शब्द फक्त पाटीवर आहे असं समजा. एकाच नावाची पदवी एका विद्यापीठात स्टेमखाली, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत, येते, दुसऱ्यात येत नाही. ते ठरतं व्हिसासाठी विद्यापीठाकडून मिळणाऱ्या आय-२० वर छापलेल्या कोडवरून. स्टेम असेल तर बारा महिन्यांच्या ओपीटीनंतर आणखी २४ महिने मिळू शकतात, तेही नोकरी देणारी कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत असेल तरच. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजार आणि अमेरिकेतल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २० हजार, त्यामुळे त्यावर घराचा हिशेब मांडू नका. शिकत असताना हप्ता नसला तरी कर्जावर व्याज चढत असतं, हे घरच्यांना आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं. पहिला हप्ता पाहून आई कितीतरी वेळ गप्प होती.

आणि घर तारण ठेवण्याआधी सहा महिने स्वतःला तपासून पाहा. एमआयटीचा सप्लाय चेनचा मायक्रोमास्टर्स हा अभ्यासक्रम ऑनलाइन आहे. त्यातल्या पहिल्याच भागाचं नाव सप्लाय चेन ॲनालिटिक्स आहे आणि प्रमाणपत्र नको असेल तर बराचसा अभ्यास फुकट करता येतो. तो भाग मनापासून सोडवता आला तर पुढे जा. परदेशीच गेलं पाहिजे असंही नाही. पवईची जुनी नीटी, म्हणजे २०२३ पासूनची आयआयएम मुंबई, याच विषयात एमबीए देते.

चाकणला, भोसरीला, न्हावाशेवाच्या गोदामांत जे आज काम करत आहेत त्यांना हात जोडून एक विनंती. नोकरी सोडण्याआधी इनवर्ड रजिस्टर उघडा आणि गेल्या वर्षी ऑर्डर दिल्यापासून माल दारात येईपर्यंत प्रत्येक खेपेला किती दिवस लागले, ते स्वतःच्या हाताने उतरवून घ्या.